तिसऱ्या पायरीवरची तीन मिनिटं

आमच्या समितीच्या ऑफिसला जाणारा जिना सोळा पायऱ्यांचा. त्यातल्या वरून तिसऱ्या पायरीवर आमचे घरमालक थांबायचे. दम लागला म्हणून नव्हे. मनगटावरचं घड्याळ बघून बरोबर तीन मिनिटं थांबायचे, एका हातानं कठडा धरून, समोरच्या भिंतीकडं बघत. मागून कुणी आलं तर अंग चोरून वाट द्यायचे, पण स्वतः हलायचे नाहीत. नळाची तक्रार घेऊन पहिल्यांदाच आलेल्या बाया घाबरायच्या. "चाचा, चक्कर आली का? बसता का?" तर चाचा अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचे, बाकीची तीन बोटं उभी. म्हणजे सगळं ठीक. तोंडानं बोलायचं नाही. पाण्याखाली बोलत नसतात.

समुद्राखाली गेलेली माणसं वर येताना शेवटच्या पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात. रक्तात विरघळलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून. आमच्या जिन्यात असल्या वायूचा काही संबंध नव्हता आणि समुद्र इथून एसटीनं एक रात्र लांब. पण चाचा म्हणायचे, "सवय सुटली की माणूस सुटला."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि जगात काय चुकतंय हे मला पूर्ण माहीत होतं. त्यातलं बरंचसं मी पत्रकात छापलेलंही होतं. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येणाऱ्या शहरात पाण्याचा प्रश्न घेऊन उभा राहिलेला मी एकटाच माणूस, अशी माझी समजूत. आमची समिती सात जणांची, सभेला तीन. "लोकांना विचारल्याशिवाय निर्णय नको" ही आमची मुख्य घोषणा. ती मीच एका बैठकीत, कुणाला न विचारता, ठरवली होती.

चाचा वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. कारखाना कॉम्प्रेसर बनवायचा, म्हणजे हवा दाबून टाकीत भरायची यंत्रं. निवृत्त झाल्यावर मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं त्यांनी दुरुस्तीचं दुकान टाकलं. खाली दुकान, मागं घर, वर आमचं ऑफिस. वर्षातून एकदा दुकानाला कुलूप लागायचं आणि चाचा जगाच्या कुठल्यातरी टोकाला जायचे. तांबडा समुद्र, सुदानच्या बाजूनं. मालदीवचं पार दक्षिणेचं टोक. इंडोनेशियाची पूर्वेकडची बेटं, जी नकाशावर शाईचा शिंतोडा उडाल्यासारखी दिसतात. तिथं गाव नाही, हॉटेल नाही. दहा-बारा दिवस बोटीवरच राहायचं, बोटीवरच जेवायचं, आणि दिवसातून तीन-चारदा पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचं.

चाचांच्या दुकानात जगाचा मोठा नकाशा होता. त्यावर त्यांनी जमिनीला कुठंच टाचणी लावली नव्हती. सगळ्या टाचण्या निळ्यात. मी एकदा विचारलं, "चाचा, इंडोनेशिया कसा आहे?"

"पाणी साफ आहे."

"तसं नाही. देश कसा आहे? लोक, शहरं?"

ते थोडा वेळ आठवत राहिले. "विमानतळावर पंखे लई आहेत."

चाची आतून म्हणाल्या, "सारी दुनिया फिरून आले, एक ओढणी आणली नाय. पाण्याखाली दुकानं नसतात म्हणे."

हे सगळं कळल्यावर मला जो राग आला तो आजही मला नीट आठवतो, कारण मी तो छापून ठेवला आहे. त्यातही एक गोष्ट मला असह्य होती. पाणी यायच्या आदल्या दिवशी, दुकानामागच्या जमिनीतल्या हौदात जे काही उरलेलं असायचं, त्यात चाचा तोंडात नळी धरून बसायचे. आपली उपकरणं तपासायला. गल्ली हंडे घेऊन टँकरच्या मागं पळतेय आणि हा माणूस पाण्याखाली मांडी घालून बसलाय! मी रातोरात नव्हे, भर दुपारी, दीड तासात पत्रक लिहून काढलं. मथळा: "शहर तहानलेलं, घरमालक पाण्यात!" आत 'ऐषारामी', 'निर्लज्ज', 'सागरविलासी' असे शब्द होते. 'सागरविलासी' हा मी स्वतः बनवला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. नाव घेतलं नव्हतं. पण अख्ख्या मुकुंदवाडीत हौदात बसणारा दुसरा माणूस नव्हता.

तिसऱ्या दिवशी चाचा पत्रक घेऊन जिना चढले. तिसऱ्या पायरीवर तीन मिनिटं थांबले. ती तीन मिनिटं मी टेबलाखाली पाय हलवत बसलो होतो. मग आत आले आणि पत्रक माझ्यापुढं ठेवलं. त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"दोन चुका आहेत," ते म्हणाले. "हौद पाच हजार लिटरचा नाय, तीन हजारचा. आणि ते पाणी मी सांडत नाय, पिंपात उपसून संडासाला वापरतो. चाचीला विचार."

"आणि बाकीचं?"

"बाकी मजकूर जोरदार आहे. तो सागर का काय शब्द, तो चांगला बनवलास."

तिसरी चूक त्यांनी सांगितली नाही, ती मला चाचींनी सांगितली, तीही भांडी घासता घासता. हा माणूस पहिल्यांदा समुद्रात उतरला तो कामावर असताना. कारखान्यानं मालदीवच्या एका बोटीवरचा कॉम्प्रेसर दुरुस्त करायला पाठवलं होतं. टाक्यांमध्ये श्वासाची हवा भरणारा. काम एका दिवसात झालं आणि बोट किनाऱ्याला लागायला सहा दिवस होते. बसून काय करायचं म्हणून बोटवाल्यांनी शिकवलं आणि हे उतरले. तिथून बिघडले ते बिघडलेच. पुढं बोटवाल्यांनी एकमेकांना ह्यांचं नाव सांगितलं. चाचांनी कॉम्प्रेसर उघडायचा, साफ करायचा, जोडून द्यायचा. बदल्यात खालच्या मजल्यावरची, इंजिनाशेजारची झोपायची एक फळी. माझा सागरविलासी दर वर्षी हातात पाना घेऊन जात होता.

मी दुरुस्तीचं पत्रक काढलं का? नाही. कागद महाग झाला होता, असं मी स्वतःला सांगितलं.

मग एके दिवशी चाचा पुन्हा वर आले. त्यांच्यासोबत नेहमी जालन्याचे एक डोळ्यांचे डॉक्टर जायचे. पाण्याखाली प्रत्येकाला एक सोबती लागतो. एकट्यानं उतरायचं नसतं. डॉक्टरांच्या कानाचं ऑपरेशन झालं होतं, बोटीवरची त्यांची जागा रिकामी पडली होती.

"तू चल," चाचा म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत.

"तिकिटाचं मी बघतो. पोहता येतं ना?"

पोहता येत होतं. लासूर स्टेशनला मामाच्या विहिरीत शिकलो होतो. "पण मीच का? तुमच्याविरुद्ध पत्रक काढलंय मी."

"म्हणूनच." चाचा खुर्चीवर बसले. "खाली माझी हवा सोबत्याच्या हातात, त्याची माझ्या हातात. तिथं गोड बोलणारा नक्को. जे असंल ते तोंडावर सांगणारा पाहिजे. आख्ख्या गल्लीत तुझ्याइतका फाटक्या तोंडाचा कोण आहे? तू खोटं बोलत नाय." मग जरा थांबून म्हणाले, "आणि माझी ही शेवटची खेप. हार्टवाल्या डॉक्टरनं पाण्यात उतरायच्या कागदावर एकदाच सही दिली, पुढच्या टायमाला देणार नाय म्हणाला."

ही शेवटची खेप आणि एक गोष्ट राहून गेलेली. चाचांना व्हेल शार्क बघायचा होता. समुद्रातला सगळ्यात मोठा मासा, शहर बसएवढा, अंगावर पांढरे ठिपके. तोंड दरवाजासारखं, पण खातो काय तर पाण्यातला बारीक चुरा. "एवढा मोठा हुईन कुणाला चावत नाय," चाचा म्हणायचे. "तीस वर्षं कारखान्यात काढली, असा मोठा बघितला नाय." मालदीवमध्ये एका ठिकाणी हे मासे नेहमी दिसतात, पर्यटक होड्या भरभरून जातात. चाचा तिथं कधी गेले नाहीत. "तो दाखवायला ठेवलेला. मला भेटलेला पाहिजे." पाचशे वेळा पाण्यात उतरले, पंधरा वर्षं, भेटला नव्हता.

मी नकार द्यायला हवा होता. माझ्या तत्त्वांनुसार तर नकारावर जाहीर निवेदन द्यायला हवं होतं. त्याऐवजी मी समितीपुढं ठराव मांडला की हा अभ्यासदौरा आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. सभेला मी आणि खजिनदार होतो, आणि खजिनदाराला त्याच्या मुलाकरता शंख हवा होता.

शिक्षण त्याच हौदात सुरू झालं, ज्यावर मी पत्रक काढलं होतं. मी आणि चाचा तोंडात नळ्या धरून समोरासमोर मांडी घालून बसायचो आणि वरून चाची ओरडायच्या, "दोघं निघा बाहेर, मला पिंप भरायचंय!" मग मालवणला चार दिवसांचा कोर्स करून सर्टिफिकेट घेतलं. पण चाचांनी सर्टिफिकेटपेक्षा एक नियम मला जास्त वेळा घोकायला लावला. टाकीला हवा किती उरली ते दाखवणारा काटा असतो. सुरुवातीला दोनशे. पन्नासच्या आत यायच्या आधी वर निघायचं. दोघांपैकी ज्याची हवा आधी संपेल, त्याच्या काट्यावर दोघं वर.

"तुमची शंभर उरली असली तरी?"

"दीडशे उरली असली तरी. खाली माझी हवा, तुझी हवा असं नसतं. ज्याची कमी, ती सगळ्यांची."

मी ते ऐकून भारावलो. वहीत लिहून घेतलं. पुढच्या पत्रकाला मथळा म्हणून छान होता. त्याचा अर्थ काय, ते वहीत लिहिलं नव्हतं.

बोट लाकडी होती, इंडोनेशियातल्या आंबोनहून निघाली. बोटीवरची माणसं सुलावेसी बेटाची. चाचांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना चाचांची. पण पहिल्याच शुक्रवारी सगळे डेकवर नमाजाला उभे राहिले, आणि काबा कुठल्या बाजूला ते चाचांनी पाण्याखाली वापरायच्या मनगटी होकायंत्रावरून सांगितलं. त्यांचा खलाशांशी वाद झाला, हातवाऱ्यांनी. मग कप्तानानं आपलं होकायंत्र आणून बघितलं. चाचा बरोबर होते. त्या दिवसापासून त्यांना जेवणात तळलेल्या माशाचं डोकं मिळायला लागलं.

मला काय मिळालं? उलट्या. आणि एक शोध: मी हवा पितो. नवखा माणूस जोरात श्वास घेतो हे खरं, पण पाण्याखाली वाट दाखवणारी मुलगी म्हणाली की माझ्यासारखा तिनं पाहिला नाही. चाचांना वाटायचं, हा खाली पण कुणावर तरी चिडतो. खरंच होतं ते. एक पोपटतोंडी मासा प्रवाळ कुरतडत होता तर मला त्याचा राग आला. दुसरे लोक तासभर खाली राहायचे. माझा काटा अर्ध्या तासात सत्तरवर. मग मी बोटांनी आकडा दाखवायचा, चाचा त्यांच्या भरल्या टाकीनिशी मान हलवायचे आणि आम्ही दोघं वर. सर्टिफिकेटवर माझी हद्द अठरा मीटरची, म्हणून तेही अठराच्या खाली जायचे नाहीत. बाकीचे डायव्हर खोल कड्याच्या कडेनं शार्क बघून यायचे आणि जेवताना सांगायचे. चाचा माशाचं डोकं खात ऐकायचे.

"चाचा, माझ्यामुळं तुमचं..."

"भात घे."

नऊ दिवस असेच गेले. रोज मी त्यांचा निम्मा समुद्र खात होतो. दहाव्या दिवशी, शेवटच्या डाइव्हच्या आधी, मी ठरवलं की आज त्याग करायचा. चाचांना पूर्ण वेळ द्यायचा. हा विचार मला इतका आवडला की तो कुणाला सांगावा असंही वाटलं नाही.

खाली गेलो. पंधरा मीटर, स्वच्छ निळं पाणी, बाजूला प्रवाळाची भिंत. चाचांनी खूण केली: किती? काटा साठवर होता. मी शंभर दाखवले. त्यांच्या डोळ्यांत कौतुक दिसलं; पोरगं श्वास घ्यायला शिकलं, असं. ते पुढं निघाले. मीही निघालो, छाती भरून, हुतात्म्यासारखा. थोड्या वेळानं पुन्हा खूण: किती? मी ऐंशी दाखवले. काटा तेव्हा तीसवर होता.

चाचा वळले आणि माझ्याकडं नुसते बघत राहिले. नंतर म्हणाले की आवाजावरून कळलं. टाकी रिकामी व्हायला लागली की नळीतून हवा ओढताना आवाज बदलतो म्हणे. मला नाही कळणार. मी तीस वर्षं कॉम्प्रेसर ऐकलेले नाहीत. त्यांनी माझा काटा हातात घेतला, बघितला. रागावले नाहीत, घाई केली नाही. स्वतःची जादा नळी काढून माझ्या तोंडाशी धरली. मी माझी सोडली, त्यांची घेतली. त्यांनी माझ्या छातीवरचा पट्टा मुठीत पकडला आणि आम्ही समोरासमोर, एकाच टाकीतून श्वास घेत, सावकाश वर निघालो.

पाच मीटरवर थांबलो. तीन मिनिटं. जिन्यातल्यासारखीच.

चाचांचे डोळे माझ्या डोळ्यांत. त्यांची पाठ मोकळ्या समुद्राकडं. आणि त्या निळ्यातून, त्यांच्या खांद्यामागून, एक भिंत सरकत आली. आधी मला ती बोटीची सावली वाटली. मग तिच्यावर ठिपके दिसले.

मी हात उचलला, दाखवायला. चाचांनी तो धरून खाली दाबला. माझे डोळे मोठे झाले होते. त्यांना वाटलं, पोरगं घाबरलं, आता वर पळेल. मी परत उचलला. त्यांनी परत दाबला, आणि दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडं नेली: माझ्याकडं बघ. त्यांचा काय दोष? थोड्या वेळापूर्वी ह्याच हातानं शंभर सांगितले होते, मग ऐंशी. त्या हातावर आता कोण विश्वास ठेवणार?

तो मासा त्यांच्या पाठीमागून गेला. सावकाश. शेपूट एकदा इकडं, एकदा तिकडं. चाचा घड्याळ बघत माझे श्वास मोजत होते.

बोटीवर आल्यावर त्यांनी टाक्या सोडल्या, धुतल्या, जागेवर लावल्या. मग माझ्याशेजारी बसले.

"किती होते?"

"साठ. दुसऱ्यांदा तीस."

"कायकू?"

"तुम्हाला वेळ मिळावा म्हणून. शेवटची डाइव्ह होती, चाचा."

"मला विचारलं का?"

माझ्या बॅगेत आमच्या घोषणेचा बिल्ला होता. मी तो विमानतळावर मिरवायला आणला होता.

"आणि वर हात कशाला उचलत होतास?"

इतर डायव्हर अजून खालीच होते, प्रवाळाच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला. त्यांना तो दिसला नाही, हे नंतर जेवताना कळलं. म्हणजे जगात हे सांगू शकणारा मी एकटाच होतो. खोटं बोलत नाय म्हणून निवडून आणलेला.

"घाबरलो होतो," मी म्हणालो.

"हौ. होतं तसं." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि जेवायच्या वेळी मला वाढलेलं ताट पुढं सरकवलं. त्या दिवशी माशाचं डोकं माझ्या ताटात होतं.

परत आल्यावर मी तीन महिने ऑफिसला मागच्या लोखंडी शिडीनं जात होतो. खजिनदाराला सांगितलं, व्यायाम होतो. त्या तीन महिन्यांत मी महापालिकेला माहिती दडवल्याबद्दल दोन निवेदनं दिली. दोन्हींत 'जनतेपासून सत्य लपवणारे' असे शब्द होते. ते टाइप करताना माझी बोटं अडखळली, हे मी स्वतःच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

शेवटी एक दिवस शिडीचं वेल्डिंग सुटलं आणि मला जिन्यानं जावं लागलं. वरून तिसऱ्या पायरीवर चाचा उभे. कठडा धरून, भिंतीकडं बघत. आता त्यांना कुठंच उतरायचं नव्हतं, उपकरणं जालन्याच्या डॉक्टरांना देऊन टाकली होती. तरी थांबले होते. मला बाजूनं जाता आलं असतं. त्यांनी अंग चोरलंही. मी त्यांच्या वर दोन पायऱ्या चढलो आणि वळून समोर उभा राहिलो.

"चाचा, शेवटच्या दिवशी मी घाबरलो नव्हतो. तुमच्या मागून व्हेल शार्क गेला. मी तोच दाखवत होतो."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. खाली रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजत होता.

"किती लांब होता?"

"आपल्या दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत."

"वाढवून सांगू नको."

मी मनात पुन्हा मोजलं. "दुकानापासून तुमच्या गेटपर्यंत."

"ठिपके?"

"होते."

"तोंड उघडं होतं का मिटलेलं?"

"थोडं उघडं."

"हम्." त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. "अजून दीड मिनिट आहे," ते म्हणाले. "सांग. पत्रकासारखं नको."

मी सांगितलं. आधी भिंतीसारखं काय दिसलं, मग ठिपके कुठून सुरू झाले, पोटाखाली चिकटून चाललेले दोन छोटे मासे, शेपूट किती सावकाश हलत होती. विशेषण एकही वापरलं नाही. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. दीड मिनिट फार मोठं असतं. मला अर्ध्यात सगळं सांगून संपेल असं वाटलं होतं, संपलं नाही.

"कुठल्या अंगानं गेला?"

मी हात उचलला. त्यांच्या डाव्या खांद्यावरून, मागं, जिन्याच्या खाली, जिथं आमच्या जुन्या पत्रकांचे गठ्ठे ठेवलेले होते तिकडं.

ह्या वेळी त्यांनी तो खाली दाबला नाही. कठडा धरूनच ते वळले, आणि उरलेला वेळ तिकडं बघत उभे राहिले.